खिडकीबाहेरचं व्याख्यान

खुर्ची बाहेर मांडली होती.

सभा आत, देवळाच्या सभामंडपात. सतरंज्या अंथरलेल्या, उदबत्ती लावलेली, पुढे भाऊसाहेब तक्क्याला टेकून बसलेले. आणि ज्याचं व्याख्यान, त्याची खुर्ची बाहेर अंगणात, गजांच्या खिडकीसमोर. व्याख्याता मी. श्रोते मला खिडकीतून ऐकणार होते.

लोखंडी खुर्ची होती. गावच्या शाळेतल्या मास्तरांच्या पडवीत वेताची चांगली खुर्ची होती, येता-जाता मी ती बघितली होती. ती आणली नव्हती. लोखंड धुता येतं.

मास्तर हातात झेंडूचा हार घेऊन देवळातून बाहेर आले. माझ्यापर्यंत आले आणि थबकले. हार त्यांनी खुर्चीवर ठेवला. "घ्या," म्हणाले. मी तो उचलला आणि माझा मीच गळ्यात घातला. आत टाळ्या वाजल्या.

खिडकीच्या गजांआडून आतला फळा अर्धामुर्धा दिसत होता. त्यावर मास्तरांच्या वळणदार अक्षरात विषय लिहिला होता : परदेशातील शिक्षण व प्रवासाचा आनंद.

दहिवली मागे टाकून खालापूरकडे निघालं की आमचं गाव लागतं. चाळीसेक उंबरे, त्यापलीकडे ओढा, ओढ्यापलीकडे आमचा महारवाडा. मी विलायतेहून परत येऊन महिनाही झाला नव्हता. लढाई संपल्यावर सरकारी शिष्यवृत्ती मिळाली आणि मी लीड्सला गेलो. मुलांना शिकवायचं कसं, याचं शिक्षण घेऊन आलो. गोरा साहेब देश सोडून गेला तेव्हा मी त्याच्याच देशात होतो. परत आलो तर इथे नवा झेंडा होता. ओढा तिथेच होता.

गावची निम्मी भातजमीन भाऊसाहेबांची. ते कर्जतला इंग्रजी शाळा काढणार होते. माझा बा खळ्यावर भात झोडत होता, तेव्हा ते त्याला म्हणाले होते, "तुझ्या पोराचं बघू शाळेत." एवढंच. पण बा त्या एका वाक्यावर तरंगत घरी आला. मग मास्तर ओढ्याच्या गावाकडच्या काठावर येऊन उभे राहिले, मला हाक मारली, आणि व्याख्यानाचं आमंत्रण दिलं.

आमंत्रणातच त्यांनी सांगितलं होतं. "मंडप देवळाचा पडतो. तेवढं समजून घ्या. मंदिरप्रवेशाचा कायदा झालाय, मला ठाऊक आहे. पण लोकांचं मन एकदम बदलत नाही. तुम्ही तर जग बघून आलात, तुम्हाला काय सांगायचं?"

मी हो म्हणालो होतो. मला वाटलं, मंडपाच्या दाराशी बसवतील. खिडकीबाहेर बसवतील असं वाटलं नव्हतं.

लोकांना वाटतं, अपमान झाला की अंगात आग पेटते. माझ्या पेटली नाही. मला झोप आल्यासारखं झालं. खांदे जड झाले. लहानपणी शाळेत पायरीवर बसायचो, तेव्हाही असंच व्हायचं. फळ्यावरची अक्षरं दाराच्या चौकटीआड अर्धी जायची, उरलेलं अर्धं मी मनाने भरायचो. इतकी वर्षं गेली, समुद्र दोनदा ओलांडला, आणि पुन्हा तेच. अर्धा फळा. राग यायला माणूस ताजातवाना लागतो. मी दमलेला होतो.

पाठीमागे चिंचेखाली आमचा सगळा वाडा येऊन बसला होता. आय नवं लुगडं नेसून आली होती. बा काठी धरून उभा होता, कारण अंगणात भाऊसाहेबांसमोर बसायची त्याला सवय नव्हती. माझी त्यांच्याकडे पाठ, तोंड खिडकीकडे.

मी बोलायला लागलो. आगबोटीबद्दल सांगितलं. एडनचे उघडे डोंगर, पोर्ट सैदचा बाजार, पुढच्या समुद्रात लागलेली बोट आणि रिकामं झालेलं पोट. आत हसू फुटलं. बर्फ पडताना आवाज होत नाही, हे सांगितलं. भाऊसाहेब "वा" म्हणाले. त्यांचा पुतण्या वसंता शेजारीच बसला होता. त्याला पुढल्या वर्षी विलायतेला धाडायचं चाललं होतं. त्याने विचारलं, "तिकडे थंडीत आंघोळ कशी करतात हो?" मी तेही सांगितलं. पुन्हा हसू.

मी त्यांना हवं ते सांगत होतो. काय गाळायचं हे मला नीट कळत होतं. बोटीवर माझ्या खोलीत पुण्याचा एक विद्यार्थी होता. पहिल्या दिवशी त्याने मला चिवडा दिला. दुसऱ्या दिवशी आडनावावरून गाव विचारलं, गावावरून वाडा विचारला, आणि संध्याकाळी वळकटी उचलून दुसऱ्या खोलीत गेला. हे मी गाळलं. लीड्सला दोन घरांच्या दारात मला काळा म्हणून जागा नाकारली, हेही गाळलं. आनंदाच्या व्याख्यानात ते बसत नव्हतं.

तेवढ्यात खांद्यावर हात पडला. आय चिंचेखालून उठून माझ्यापर्यंत आली होती.

"आमाला नाय ऐकू येत रं," ती म्हणाली. "तू तिकडं तोंड करून बोलतोस."

"थांब गं. नंतर सांगतो तुला," मी हळूच म्हणालो.

ती गेली नाही. खिडकीकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं. मग विचारलं. टोमणा नव्हता त्यात. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

"तिकडं पण तू असाच भाईर बसून शिकलास का रं?"

आतल्या माना खिडकीकडे वळल्या. तिचा आवाज शेतावर हाका मारायचा आवाज. तो खिडकीतून आत गेला होता.

"नाय आय," मी म्हणालो. "आत बसायचो. सगळ्यांसंगं. बाकावर."

"मंग हितं काय झालं?"

विद्यापीठात मला अवघड प्रश्न विचारले गेले होते. सगळ्यांची उत्तरं दिली होती. हिला काय सांगू? देवाचा मंडप आहे? लोकांचं मन आहे? जग बघून आल्यामुळे मला समजून घ्यायचंय? मास्तरांची वाक्यं माझ्या तोंडाशी आली, आणि ती माझ्या तोंडाशी आली याचीच मला शिसारी आली.

मी उठलो. खुर्ची उचलली, फिरवली, चिंचेकडे तोंड करून ठेवली. आयला म्हणालो, "बस." ती बसेना. मी तिला दंडाला धरून खुर्चीवर बसवलं. मी तिच्याशेजारी उभा राहिलो. खिडकी पाठीमागे गेली.

मग मी आमच्या माणसांशी बोललो, आमच्या बोलीत.

त्यांना मी घरमालकिणीचं सांगितलं. शेवटी एका म्हाताऱ्या विधवेने मला जागा दिली होती. पहिल्या दिवशी जेवण झाल्यावर मी माझी थाळी हातात धरून उभा राहिलो. कुठे ठेवायची ते कळेना. वेगळी जागा शोधत होतो. म्हातारीने ती माझ्या हातातून घेतली आणि तिच्या थाळीवर ठेवली. दोन्ही एकाच पाण्यात धुतल्या. तिला त्यात काहीच वाटलं नाही. मी मात्र खोलीत जाऊन रडलो.

ज्या घरांनी जागा दिली नाही, तेही सांगितलं. "तिकडं पण दारं बंद होत्यात," मी म्हणालो. "तो सरग नाय. पण दार बंद करून वर भाषण कर म्हणून कोणी नाय बोलावलं."

चिंचेखाली कोणीतरी हसलं. मग दोघं-तिघं हसले. बा हसला नाही.

मग मी बाबद्दल बोललो. ते ठरवलेलं नव्हतं. तिकडे सुट्टीत मुलं डोंगर चढायला निघायची, मलाही न्यायची. काम नाही, निरोप नाही, कुणाचं ओझं नाही. नुसतं चढायचं, वर बसायचं, पाव खायचा, खाली बघायचं. पहिल्यांदा मला कळेना, वर कशासाठी जायचं? कोणी सांगितलंय? माझ्या बाने हा सगळा मुलूख पायाखाली घातलाय. खालापूरच्या कचेरीत सांगावा, कर्जतला टपाल, साहेबाचं सामान डोक्यावर घेऊन बोरघाट. इतका चाललेला माणूस गावात दुसरा नाही. पण वर पोचल्यावर त्याने कधी बसून खाली बघितलं नाही. ओझं उतरवलं, वाकून जोहार घातला, परत फिरला. "मी पयला हाय आपल्यात," मी म्हणालो, "जो डोंगरावर उगाच गेला. आनंद म्हंजे येवढाच. उगाच जायला मिळणं."

बा जमिनीकडे बघत होता. मग त्याने काठी चिंचेला टेकून ठेवली आणि खाली बसला.

मागून भाऊसाहेबांचा आवाज आला. "मास्तर, खिडकी लावून घ्या."

खिडकी लागली. आत आरती सुरू झाली. मी बोलत राहिलो.

पुढचं काही गोड नाही.

शाळा निघाली, तिथे दुसऱ्याला घेतलं. भाऊसाहेबांनी बाला खळ्यावर येऊ नको म्हणून सांगितलं, आणि वाड्यातल्या आणखी दोन घरांचंही काम थांबवलं. चुलता माझ्यावर ओरडत आला. "तू जाशील मुंबईला. इंग्रजी बोलशील, कुटं बी पोट भरशील. आमाला हितंच ऱ्हायाचं हाय. आमाला इचारलंस का खुर्ची फिरवताना?" मी नव्हतं विचारलं. त्याचं बोलणं खोटं नव्हतं. त्या दिवशी चिंचेखाली हसलेली माणसं आठवड्याने माझ्याशी बोलायची बंद झाली. बा आणि आय खोपोलीला मजुरीला जायला लागले. पहाटे अंधारात निघायचे. बा कधी मला बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

आय मजुरीला गेली नव्हती अशा एका दुपारी वसंता आला. भाऊसाहेबांचा पुतण्या. एकटाच आला होता, विलायती पद्धतीची टोपी घालून. ओढ्याच्या गावाकडच्या काठावर थांबला आणि तिथून हाक मारली.

"जरा बाहेर येता का?"

मी दारात आलो. "काय काम आहे?"

"माझं जायचं ठरलंय. तिकडचं विचारायचं होतं थोडं. कपडे कोणते घ्यावे, राहायची सोय कुठे करावी. तुम्हाला सगळं माहीत आहे."

"आत या," मी म्हणालो. "बसून सांगतो."

त्याने ओढ्याकडे बघितलं, मग मागे गावाकडे. "इथेच सांगा ना. पाच मिनिटांचं काम."

"आत घोंगडी अंथरलीय. आय घरी आहे, चहा टाकेल."

मुलगा वाईट नव्हता. हे मला दिसत होतं. त्याच्या कपाळावर घाम आला. "मी मानत नाही हो हे सगळं," तो म्हणाला. "पण काका... कोणी बघितलं तर उगीच घरात तमाशा."

मला सगळं माहीत होतं. कोट इथून नेऊ नकोस, तिथे जुना घे. बोटीवर पहिले दोन दिवस फक्त कोरडी बिस्किटं खा. काळ्या माणसाला कोणत्या गल्लीत जागा मिळते, कोणत्या गल्लीत नुसतं फिरवतात. त्यालाही तिकडे काळाच म्हणणार होते. ते कसं गिळायचं, हेही मी सांगू शकलो असतो. ते सांगायला दुसरं कोणी त्याला मिळणार नव्हतं. ओढा पार करून पाच पावलं जाऊन हे सांगणं माझ्यासाठी अवघड नव्हतं. तोही सुखी झाला असता, कदाचित भाऊसाहेबही निवळले असते, बाला खळ्यावरचं काम परत मिळालं असतं. आय आतून माझ्याकडे बघत होती. तिच्या हातांना मजुरीने भेगा पडल्या होत्या.

"तुम्हाला यायचं असेल तेव्हा या," मी म्हणालो. "मी आतच आहे."

त्याने टोपी सारखी केली आणि तो गेला. मला जिंकल्यासारखं वाटलं नाही. आय चुलीपाशी गेली, आमच्या दोघांपुरता चहा टाकला.

पण त्या दुपारी माझं पक्कं झालं. मला जे येतं ते मी कुणालाही शिकवीन. वसंताला, भाऊसाहेबांच्या नातवंडांना, मास्तरांच्या पोरांना, आमच्या वाड्याच्या पोरांबरोबर एका घोंगडीवर बसवून. हातचं राखून ठेवणार नाही. पण कुणाच्या पायरीवर, कुणाच्या अंगणात, कुणाच्या दाराआडून शिकवणार नाही. नोकरी गेली तर जाऊ दे. माझीच माणसं तोंड फिरवतील, तर तेही सोसायचं. समजून घ्यायचं काम मी पुष्कळ केलं. माझ्याकडचं ते संपलं.

बोलावणी आजही येतात. शाळेची, सत्काराची, कुठल्या कुठल्या मंडळाची. आलेला माणूस गोड बोलतो, विषय सांगतो, तारीख सांगतो. मी सगळं ऐकून घेतो. मग एकच विचारतो : बसायचं कुठे?

उत्तर ऐकतो. त्यानंतरच चपला घालतो.