जज्जसाहेबांनी पुसलेली रेघ

गल्लीने त्यांना जज्जसाहेब हे नाव ठेवलं होतं, ते काही आदराने नाही. गॅरेजमध्ये गाडी आली की ते बॉनेट उघडायचे, कपाळाला आठ्या घालायचे आणि विचारायचे, "हिला आधी कुणी हात लावला होता?" नाव कळलं की निकाल लागलाच. अमका मिस्त्री हातोडी घेऊनच जन्माला आलेला, तमक्याला फक्त बिल फाडता येतं. समोरच्या गॅरेजवाल्याबद्दल बोलून आपण तोंड खराब करून घेत नाही, असं ते सांगायचे आणि मग पाव तास त्याच्याबद्दलच बोलायचे.

हात चांगला होता, हे कबूल केलंच पाहिजे. पण नुसता हात चांगला असून भागत नाही. 'माझं चुकलं' हे दोन शब्द तीस वर्षांत त्यांच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. बायको सांगायची, एकदा यांनी स्वतःच्या हाताने चहात साखरेऐवजी मीठ घातलं, तेव्हाही चूक डब्याची निघाली.

अशा माणसाच्या पदरी त्यांच्या धाकट्या बहिणीची पिकअप पडली. बहीण शहराच्या कडेला एकटीच्या जोरावर रोपवाटिका चालवायची. रोपं पिशव्यांत वाढवायची आणि घरोघरी, बंगल्याबंगल्यावर स्वतः पोचवायची. सव्वीस वर्षांची जुनी पेट्रोल पिकअप हाच तिचा सगळा धंदा. गाडी चालली तर ती मालकीण, नाहीतर कुणाची तरी मजूर. एवढं सरळ गणित होतं.

जज्जसाहेबांनी त्या गाडीची वर्षाची सर्व्हिसिंग केली आणि त्याच आठवड्यात दुखणं सुरू झालं. चढाला लागली की सायलेन्सरमधून फाटकन बार निघायचा. रस्त्यावरची माणसं दचकून बाजूला व्हायची आणि तापमानाचा काटा चढत चढत लाल पट्ट्यात जायचा. मग बाईसाहेब रस्त्याच्या कडेला, बॉनेट वर, मागे उन्हात रोपं माना टाकून.

"दादा, तू सर्व्हिसिंग केलीस तेव्हापासून होतंय हे," ती म्हणाली.

"म्हणजे मी बिघडवली? पेट्रोल कुठून भरतेस ते सांग आधी."

पेट्रोल बदललं. बार चालूच. मग रेडिएटर काढून धुतला, थर्मोस्टॅट बदलला, पाण्याचा पंप बदलला, कार्बोरेटर उघडून जेट साफ केले, प्लग आणि वायरी नव्या घातल्या. प्रत्येक वेळी "झाली" म्हणून गाडी दिली आणि प्रत्येक वेळी चौथ्या दिवशी ती परत आली. जज्जसाहेबांनी पंप बनवणाऱ्यांना शिव्या दिल्या, प्लग विकणाऱ्याला दिल्या, बहिणीच्या गिअर टाकण्याला दिल्या. शिव्यांच्या बाबतीत त्यांचा हात सढळ होता.

मध्ये एक गंमत झाली. एकदा चढावर गाडी उकळली, तेव्हा मागून आलेला एक ट्रकवाला उतरला. त्याने इंजिन चालू ठेवून डिस्ट्रिब्यूटरचा बोल्ट सैल केला. प्लगला ठिणगी कधी द्यायची ते ठरवणारा हा डबा. तो त्याने कान देऊन जरासा फिरवला, इंजिनचा आवाज मोकळा झाला तिथे बोल्ट आवळला, आणि हात पुसत निघून गेला. दहा दिवस गाडी ना तापली ना फुटली. बहीण हुशार. कुंड्यांवर नावं लिहायचा पांढरा रंग तिच्याकडे असायचाच, त्याने तिने डब्यावर त्या जागी एक रेघ ओढून ठेवली आणि उत्साहाने भावाला दाखवायला आली.

"कानाने टायमिंग लावलं?" जज्जसाहेब हसले. तसं हसणं त्यांनाच जमायचं, समोरचा माणूस वीतभर लहान व्हावा असं. "मग मी ही टायमिंगची लाइट कशाला घेतली? आरतीला?"

पिस्टन माथ्यावर आला हे दाखवणारी खूण इंजिनच्या पुढच्या पुलीवर असते, तिच्यावर त्यांनी लाइट मारली. ठिणगी खुणेच्या हिशेबाने फारच आधी पडत होती. त्यांनी डबा फिरवून खुणेला खूण जुळवली, आणि पेट्रोलच्या फडक्याने ती पांढरी रेघ पुसून टाकली. बहीण बघत राहिली. चौथ्या दिवशी बार वाजला.

त्यानंतर ती भांडली नाही, आणि तिथेच त्यांनी सावध व्हायला हवं होतं. ती फक्त म्हणाली, "शनिवारपर्यंत बघते, दादा. नाही झाली तर विकते. मोठ्या नर्सरीत पिशव्या भरायला बाया हव्यात, तिथे जाते."

गुरुवारी दुपारी जज्जसाहेब गॅरेजमध्ये एकटेच होते. आता तपासायचं फक्त इंजिनच्या डोक्याखालचं हेड गॅस्केट उरलं होतं. ते उघडण्याआधी त्यांनी प्लग काढले, पहिल्या भोकात लांब स्क्रू-ड्रायव्हर सोडला आणि पान्याने इंजिन हातानेच हळूहळू फिरवलं. पिस्टन वर आला, स्क्रू-ड्रायव्हर वर आला, थांबला. पिस्टन अगदी माथ्यावर होता. सवयीने त्यांनी पुलीकडे पाहिलं. खूण समोर असायला हवी होती. ती दोन बोटं बाजूला होती.

त्यांनी पुन्हा फिरवलं. पुन्हा दोन बोटं.

पुलीच्या दोन कड्यांमध्ये रबर असतं. सव्वीस वर्षांत ते सुकलं होतं आणि बाहेरचं कडं खुणेसकट सरकलं होतं. खूणच खोटं बोलत होती आणि जज्जसाहेब सर्व्हिसिंगपासून दर वेळी त्या खोट्या खुणेला इमानदारीने टायमिंग जुळवत होते. ठिणगी उशिरा पडत होती, पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन फुटत होतं, इंजिन भाजत होतं. ट्रकवाल्याने कानाने जे लावलं तेच बरोबर होतं.

त्यांचे कान तापले. लाज वाटली, चांगलीच वाटली. आजूबाजूला कुणी नव्हतं तरी त्यांनी एकदा समोरच्या गॅरेजकडे पाहून घेतलं.

खऱ्या माथ्यावर त्यांनी नवी खूण केली, तिच्यावर टायमिंग लावलं आणि गाडी चढावर नेली. काटा अर्ध्यावर. बार नाही. इंजिन कसं सुरेख बोलत होतं. परत येऊन त्यांनी बहिणीला फोन लावला.

"झाली गाडी."

"काय होतं?"

इथे दोन वाक्यं पुरली असती. पण त्या दोन वाक्यांत तो ट्रकवाला होता, ते फडकं होतं, आणि ते हसणंही होतं.

"होत्या बऱ्याच गोष्टी."

"नक्की काय होतं, दादा?"

"तुला काय कळणार त्यातलं? झाली म्हणतोय ना!"

"बरं," ती म्हणाली.

शुक्रवारी ती आली, किल्ली घेतली, आणि गाडी सुरू करून रस्ता ओलांडून थेट समोरच्या गॅरेजात नेली. अर्ध्या किमतीत विकून पायी घरी गेली. जज्जसाहेब दारात उभे होते. ओरडून सांगता आलं असतं, रस्ता काही नदी नव्हता. ते आत गेले आणि नसलेले पाने शोधत बसले.

तीन आठवड्यांनी, सकाळी, बहीण गॅरेजच्या दारात आली. नखांत माती, खांद्याला पिशवी.

"समोरचे भेटले होते रस्त्यात," ती म्हणाली. "म्हणाले, ताई, मी गाडीला हातसुद्धा लावला नाही, फक्त धुतली. एकदाही तापली नाही. म्हणजे दादा, खरंच दुरुस्त केली होतीस तू?"

"सांगितलं तर होतं, झाली म्हणून."

"ते तू पाच वेळा सांगितलं होतंस. सहाव्यांदा खरं आहे, हे मी कशावरून ओळखायचं?" तिचा आवाज चढला नाही. "काय होतं, दादा?"

जज्जसाहेबांनी हात पुसले, मग पुन्हा पुसले. "पुलीवरची खूण सरकली होती. मी चुकीच्या खुणेवर टायमिंग लावत होतो. तो ट्रकवाला बरोबर होता. तुझी रेघ बरोबर होती. माझं चुकलं."

बोलून झालं. अर्धं मिनिटही लागलं नाही.

"एवढंच?" बहीण म्हणाली.

मग तिने पिशवी खांद्यावर सारखी केली.

"जाते मी. नर्सरीत पाच मिनिटं उशीर झाला तरी अर्धा दिवस कापतात."