नामा सारंगाने उतरवलेली खोकी

उरणजवळच्या मोरा बंदरातल्या नामा कोळ्याला मी पंचवीस वर्षं ओळखतो. मी मुंबईत जहाजांच्या एजंटाकडे कारकून होतो, खलाशांची कागदपत्रं बघायचो. आता निवृत्त होऊन खांदेश्वरच्या फ्लॅटमध्ये पेपर वाचत चिडत बसतो. नामा मालवाहू जहाजावर सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. त्याने आवळून बांधलेलं खोकं वादळातही बोटभर सरकायचं नाही, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा.

सहा वर्षांपूर्वी त्याच्या जहाजावर लांबलचक लाकडी खोकी चढली. कागदावर ट्रॅक्टरचे सुटे भाग. ट्रॅक्टरच्या भागांवर दोन बंदूकधारी गोरे पहारा करत नाहीत, एवढं नामाला कळत होतं. त्यातल्या एकाने त्याला सांगितलं, की तिकडच्या देशात जुलमी हुकूमशहा आहे आणि त्याच्याशी लढणाऱ्या गरीब बंडखोरांना आमचं सरकार मदत पाठवतंय. नामाला ते पटलं. घरी आल्यावर जेट्टीवर जाळी शिवत बसलेल्यांना त्याने ही गोष्ट इतक्यांदा ऐकवली, की लोक त्याला येताना पाहून उठायला लागले.

हुकूमशहा पळाला. मग बंडखोर आपसांत फुटले, ते फुटणारच होते. दोन टोळ्या झाल्या, आणि जिच्याकडे खोकी गेली तिने दुसरीच्या गावांवर ती रिकामी केली. माकडाच्या हाती कोलीत द्यायचं, गावं जळाली की माकडाला नावं ठेवायची आणि आपण हात झटकायचे. मला याचा संताप येतो, आणि तो मी लपवत नाही.

गेल्या वर्षी त्याच किनाऱ्यावर बंडखोरांनी एक जहाज पकडलं. त्यावर आपले सात खलाशी. त्यांत केतन, नामाची बहीण पुतळा हिचा एकुलता मुलगा. नामानेच त्याला जहाजावर चिकटवलं होतं. पकडणारी टोळी दुसरी, मार खाल्लेली. पण ते आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. आमच्या लेखी सगळे बंडखोर एकच.

घरच्यांनी आपल्या सरकारकडे ओरडा करावा म्हणून त्या लोकांनीच फोन केला. इंग्रजी बोलायला नामाने मला बोलावून घेतलं होतं. पुतळाच्या ओटीवर फोन मध्ये ठेवून आम्ही बसलो. केतन बोलला. बरा आहे, जेवायला मिळतंय म्हणाला. मग त्यांचा म्होरक्या फोनवर आला.

मोऱ्याच्या कोळ्यांत एक रीत आहे. भर समुद्रात बंद पडलेल्या तुमच्या होडीला ज्याने दोर टाकला, त्याच्या घरच्या माणसाला तुम्ही जन्मात अडवायचं नाही, मग कितीही भांडण असो. नामा त्याच रीतीत वाढलेला. त्याने माझा दंड धरला.

"नंदूभाऊ, त्याला सांगा, तुमची हत्यारं मीच आनून दिलीत. केतन माजा भाचा हाय. त्याला सोडा म्हनावं."

मी शिकलेला माणूस, रोज तीन पेपर वाचणारा. मी थांबायला हवं होतं. पण पुतळा माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मी ते वाक्य इंग्रजीत बोललो. विचारल्यावर जहाजाचं नाव आणि सालसुद्धा सांगितलं. मग म्होरक्याने शांतपणे मुलाचं पूर्ण नाव विचारलं. मी तेही सांगितलं. आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दोन महिन्यांनी सहाजण सुटून आले. केतन आला नाही. सुटलेल्यांपैकी निशांत मोऱ्याला येऊन सांगून गेला, की त्या म्होरक्याचं गाव त्याच खोक्यांतल्या रॉकेटांनी उडवलं होतं. त्याचे दोन भाऊ घरातच गेले. फोन झाला त्या दिवशीच त्याने केतनला वेगळं काढलं. जिवंत ठेवलंय, पण सोडणार नाही.

आता पुढचा नीचपणा ऐका. त्या गोऱ्यांच्या सरकारला पहिली टोळी डोईजड झालीय, म्हणून ते दुसरीला हत्यारं देणार आहेत. म्हणजे केतनला कोंडून ठेवणाऱ्या टोळीला. त्यांचा मंत्री पुन्हा न्यायासाठी लढणाऱ्या गरिबांबद्दल बोलतोय, निर्विकार चेहऱ्याने. आणि मागच्या आठवड्यात माझ्याच जुन्या ऑफिसातून नामाला फोन आला. किनारा तोच, माल तसाच, माहितगार सारंग हवा. नामाने होकार दिला.

मी मोऱ्याला धावलो आणि त्याच्या दारात उभा राहून ओरडलो. एकदा अक्कल गहाण टाकलीस ते पुरे झालं नाही का, असं विचारलं. या खोक्यांनी उद्या आणखी कुणाची घरं जातील, तेही बोललो. शेजारीपाजारी ऐकत होते. नामाने सगळं खाली बघून ऐकलं.

"तिथवर जानारी दुसरी बोट सांगा नंदूभाऊ," तो म्हणाला. "मी तिनं जातो."

आत पुतळा त्याची बॅग भरत होती. त्याच्या कपड्यांवर तिने केतनचे दोन शर्ट ठेवले.