घड्याळ दाखवण्याचा कार्यक्रम

प्रताप नगरातल्या सुहासिनीबाईंच्या दिवाणखान्यात एक जुनं फ्रेंच घड्याळ आहे. कांस्याची एक बाई खडकावर रेलून वीणेसारखं काहीतरी वाजवते, पायाशी पंखवालं पोर आणि खडकाच्या पोटात रोमन आकड्यांची तबकडी. आजेसासऱ्यांनी ते सिव्हिल लाइन्समधल्या एका साहेबाच्या सामानाच्या लिलावात घेतलं होतं. ते चालत नाही. त्यावाचून कोणाचं अडतही नाही. वेळ पाहायला घरात मोबाइल आहेत, घड्याळ पाहुण्यांना दाखवायला आहे.

बाई लग्न होऊन आल्या तेव्हा सासूबाईंनी देवाच्या भांड्यांबरोबर हेही घासायला त्यांच्याकडे दिलं. तेव्हापासून दर दसऱ्याला चिंच, मीठ, राख. शिक्षण बेताचं, नोकरी नाही, स्वयंपाक बरा. पण 'वस्तू ठेवावी तर सुहासिनीनं' असं सगळी गल्ली म्हणायची. माणसाला एवढं पुरतं.

मुलाला, सुमंतला, ते विकायचं होतं.

"शनिवारी मुंबईहून माणूस येऊन राहिला, आई. जुन्या वस्तूंतला जाणकार आहे."

"काहून? आपल्याला खायला कमी पडलं का?"

"नुसतं पडून तर आहे ते!"

"मीही पडूनच आहे. मलाही दाखव त्याला."

सुमंत बधला नाही. घड्याळ जाणार या विचारानं बाईंना आठवडाभर जेवण गोड लागलं नाही. पण शनिवारी सकाळी त्यांना राहवेना. मुलगी द्यायची नसली तरी, कोणी बघायला येतंय म्हटल्यावर तिला मळक्या साडीत बाहेर आणत नाहीत. त्यांनी चिंच भिजत घातली.

अनिश नावाचा तो तरुण आला. बाईंनी त्याच्यापुढे पाणी ठेवलं, चहाचं नाव काढलं नाही. त्यानं भिंग लावून घड्याळ पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"हे कोणी घासलं?"

"मीच. दरवर्षी घासते. आजही घासलं."

"काकू, यावर सोन्याचा मुलामा होता."

"होता म्हणजे?"

"म्हणजे घासून गेला." त्यानं घड्याळ फिरवलं. भिंतीकडच्या बाजूला मऊ, पिवळंधमक सोनं होतं. "सगळं असं होतं."

मागची बाजू बाई कधीच घासत नसत. 'आमची सून मागचं देवावर सोडते,' हा टोमणा सासूबाईंनी मरेपर्यंत मारला. घड्याळात मोलाचं जे काही उरलं होतं, ते तेवढ्या कामचुकारपणामुळे.

"आई, तू इतकी वर्षं सोनं घासून राहिली होतीस?" सुमंत ओरडला.

"मला वाटलं, चमक येऊन राहिली!"

"आमचं गिऱ्हाईक हे घेणार नाही," अनिश म्हणाला. "घरीच ठेवा. आणि काकू, आता हात लावू नका."

जन्मभराच्या कौतुकाचा असा निकाल लागल्यावर बाईंना वाईट वाटायला हवं होतं, थोडं वाटलंही. मग 'घरीच ठेवा' हे शब्द त्यांच्या नीट ध्यानात आले.

अनिश बॅग उचलून उठला.

"बाप्पा, असे कसे निघाले? बसा!" बाई म्हणाल्या आणि त्यांनी सुनेला हाक मारली. "मुग्धा, तेल तापव वं. पुडाच्या वड्या करू. एवढ्या दुरून आले ते."

"आई, त्यांना विमान गाठायचं आहे," सुमंत दात आवळून म्हणाला.

"गाठतील. उपाशी थोडीच पाठवायचं!"

वाईट बातमी सांगून इतका पाहुणचार अनिशला आजवर कुठे मिळाला नव्हता. त्यानं तिसरी वडी घेतली, तेव्हा बाईंनी आग्रहानं चौथी वाढली.