ताई, जरा हात लावा

साडीच्या दुकानात काम करणाऱ्या बायकांकडे किस्से कमी नसतात. गिऱ्हाईक एक साडी मागतं, आपण दहा उलगडतो, आणि ते ‘नंतर येते’ म्हणून उठलं की गादीवर ढीग उरतो. किस्स्यांचंही तसंच होतं. घडी घालायला वेळ मिळत नाही आणि ढीग वाढत जातो. आमच्या क्रूझच्या ढिगाला मी अजून हात घातला नव्हता. आज घालते.

दादरच्या दुकानात एका गादीवर आम्ही तिघी बसतो. नलूताई सगळ्यांत जुन्या, गिरगावच्या. शैला लालबागची, तोंडाने फटकळ, मनाने साधी. आणि मी मंगल, घोडपदेवची. नलूताई या वर्षी निवृत्त होणार, म्हणून आम्ही तिघींनी भिशीचे पैसे यंदा घरखर्चात मोडायचे नाहीत असं ठरवलं आणि त्यातून मुंबईहून गोव्याला जाऊन परत येणाऱ्या बोटीची तिकिटं काढली. मालक म्हणाले, “तिघी एकदम सुट्टीवर? मग साड्या कोण दाखवणार?” नलूताई म्हणाल्या, “चार दिवस तुम्ही दाखवा. कळेल पाठ कुठे दुखते ते.”

* * *

आधी माझाच एक जुना किस्सा सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी गोडाऊन मास्तरची मुलगी कशी झाले, त्याचा.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी नोकरीच्या अर्जात वडिलांच्या व्यवसायापुढे मी ‘गोदाम, कॉटन ग्रीन’ एवढंच लिहिलं होतं. तेव्हाच्या मोठ्या मालकांनी वाचून विचारलं, “गोदामात म्हणजे? गोडाऊनकीपर आहेत का?” मी मान खाली घातली. त्यांना वाटलं मुलगी लाजली. नलूताईंनी ते ऐकलं आणि दुपारच्या चहापर्यंत माझ्या वडिलांना बढती मिळाली होती! तेव्हापासून दुकानात कोणी नवीन आलं की नलूताई ओळख करून द्यायच्या, “ही मंगल, हिचे वडील गोडाऊन मास्तर. म्हणून हिचा हिशोब चुकत नाही.”

बाबा हमाल होते. कापसाच्या गाठी वाहायचे. हे मी पहिल्या दिवशी सांगितलं नाही, मग पहिल्या वर्षी सांगायची लाज वाटली, आणि नंतर न सांगितल्याचीच लाज वाटायला लागली. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली. दिवसांना नलूताई घरी आल्या होत्या. फोटोला हार घालून म्हणाल्या, “मास्तरांचा चेहरा किती शांत आहे.” आई माझ्याकडे बघत राहिली.

* * *

प्रवासाच्या आधी महिनाभर शैला मोबाइलवर क्रूझचे व्हिडिओ बघत होती. कुठल्या तरी व्हिडिओतल्या बाईने सांगितलं होतं की बंदरावर बॅगा घेणाऱ्या पोर्टरला टिप द्यावी लागते, ती विसरू नका.

नलूताई म्हणाल्या, “हमालाची चिरीमिरी ना? देऊ की.”

“हमाल नाही हो ताई, पोर्टर. हमाल स्टेशनवर असतो.”

“नाव बदललं की ओझं हलकं होतं का गं?”

मी समोरच्या साडीची घडी घालत होते. ती तीनदा वाकडी पडली.

नलूताईंचं सगळं रीतसर असतं. सुट्टे पैसे असे कुणाच्या हातावर टेकवायचे नाहीत, म्हणून त्यांनी लग्नात आहेराला वापरतात तशी पाकिटं आणली. वर रुपया चिकटवलेली. प्रत्येकाला हळदकुंकवाचं बोट लावलं. बोटीवर जे जे आपलं सामान उचलतील त्या सगळ्यांसाठी आठ पाकिटं तयार केली आणि हरवू नयेत म्हणून मोठ्या बॅगेत, अगदी तळाशी ठेवली.

हीच चूक झाली.

* * *

बंदरावर टॅक्सी थांबली तेव्हा सामानाच्या ट्रॉल्या सगळ्या आत गेलेल्या. एक वयस्क पोर्टर पुढे आले. अंगात कंपनीचा शर्ट, छातीवर बिल्ला, पण ट्रॉली नाही म्हटल्यावर त्यांनी खांद्यावरचं फडकं काढलं आणि दोन हातांनी पीळ देऊन डोक्यावर चुंबळ ठेवली.

आम्ही साडीवाल्या. चुंबळीकडे तिघींचं लक्ष गेलं.

“इरकल,” शैला म्हणाली.

“काठ बघ आधी. साधी सुती नऊवारी आहे,” नलूताई म्हणाल्या.

काका हसले. “बायकोची आहे. तिची फाटली की माझी होते.”

बायकोच्या साडीच्या चुंबळी आमच्या घरीही होत्या. दाराच्या मागे खिळ्याला लटकलेल्या. मला त्यांचा वाससुद्धा आठवला.

नलूताईंना कोणाशीही बोलल्याशिवाय राहवत नाही. काकांनी सांगितलं की ते पूर्वी कॉटन ग्रीनच्या गोदामात होते, गोदामं थंडावली तसे इकडे आले. झालं! नलूताईंनी माझा दंड धरून मला पुढे ओढलं. “अहो, हिचे वडील तिथेच तर होते. गोडाऊन मास्तर!”

काकांनी माझ्याकडे नीट बघितलं. “काय नाव मास्तरांचं?”

बाबांचं नाव मी घेतलं असतं तर कदाचित त्यांनी ओळखलं असतं. एवढंच व्हायला हवं होतं आणि तेवढंच व्हायला नको होतं.

“तुम्ही नसाल ओळखत,” मी म्हटलं.

“असेल. मास्तर लोक आत बसायचे,” ते म्हणाले, आणि आमच्या मोठ्या बॅगेपाशी गुडघ्यावर बसले. बॅग भलती जड झाली होती, कारण शैलाने तिच्यात चिवडा, लाडू आणि घरची इस्त्री भरली होती. ओझं कितीही ओळखीचं असलं तरी डोक्यावर चढवताना दुसऱ्याचा हात लागतोच. मी सगळ्यांत जवळ उभी होते.

“ताई, जरा हात लावा.”

गावाहून तांदळाची गोणी आली की बाबा मला शिकवायचे. बोटं खालून घालायची, पाठ सरळ ठेवायची, आणि श्वास सोडताना उचलायचं. तसा हात मी लावला असता तर गोदामात आयुष्य काढलेल्या माणसाला कळायला वेळ लागला नसता. मास्तरची मुलगी असं उचलत नाही.

मी पर्समध्ये मोबाइल शोधायला लागले. मोबाइल हातातच होता.

नलूताई कमरेचा पट्टा सावरत पुढे झाल्या. साठीला आलेली बाई, पण हात लावला. बॅग डोक्यावर चढली, काउंटरवर गेली, तिला लाल चिठ्ठी लागली आणि ती पट्ट्यावरून आत दिसेनाशी झाली. तेव्हा नलूताईंनी कपाळाला हात लावला. “अगं बाई! पाकिटं आत गेली!”

पर्समध्ये हात घालून नुसती नोट द्यायला त्या तयार होईनात. काका म्हणाले, “मावशी, बोट परत इथेच येते. उतराल तेव्हा द्या.”

* * *

बोटीवर बॅगा आपल्याबरोबर येत नाहीत, तीन-चार तासांनी केबिनच्या दाराशी येतात. हे त्या व्हिडिओतल्या बाईने सांगितलं असावं, पण शैलाने तेवढा भाग पुढे ढकलला होता. तासभर वाट बघून ती म्हणाली, “काकांनी आपली इस्त्री पळवली.” नलूताई म्हणाल्या, “त्यांनी डोक्यावर घेतली तेव्हाच ती त्यांना नकोशी झाली असणार.”

बॅग आली. पाकिटं हातात आली. शैलाला आता कधी एकदा देते असं झालं. लिफ्टपाशी पांढऱ्या कपड्यांतले एक गृहस्थ दोन बॅगा घेऊन उभे होते. हिने जाऊन अदबीने पाकीट पुढे केलं. त्यांनी घेतलं, उघडून बघितलं आणि शांतपणे म्हणाले, “ताई, मी गिरगावचा आहे, प्रवासी आहे. या बॅगा माझ्या बायकोच्या. तीस वर्षं उचलतोय, पण पाकीट आज पहिल्यांदा मिळालं!”

त्यांनी पैसे परत केले. वरचा रुपया मात्र काढून घेतला. म्हणाले, “एवढा बायकोला दाखवायला ठेवतो.”

* * *

उतरायच्या आदल्या संध्याकाळी बॅगा दाराबाहेर ठेवा, असा कागद आला. शैलाने इतक्या नेटाने सामान आवरलं की दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याकडे अंगातला गाऊन आणि एक रुमाल एवढंच उरलं. बॅगा केव्हाच खाली गेल्या होत्या.

“आता मी काय रुमाल नेसू?” ती रडकुंडीला आली.

नलूताईंच्या हातातल्या पिशवीत एक साडी होती. त्या कुठेही जाताना एक साडी जास्तीची ठेवतात. केबिनबाहेर जागा मोकळी दिसली तसं त्यांनी तिला बाहेर उभं केलं आणि दुकानात पुतळ्याला नेसवतात तशी, गाऊनवरूनच, दोन मिनिटांत नेसवून टाकली. तोवर चार परदेशी बायका थांबून बघत होत्या. त्यांतल्या एकीने टाळ्या वाजवल्या आणि नलूताईंच्या हातात एक नोट ठेवली.

अख्ख्या नोकरीत साडी दाखवल्याबद्दल आम्हाला कोणी टिप दिलेली नाही. नलूताईंनी ती नोट उलटसुलट करून बघितली. “निवृत्त होताना मिळाली बघ,” एवढंच म्हणाल्या.

* * *

खाली बॅगांच्या रांगा लागल्या होत्या. बाकीची पाकिटं बोटीवर वाटून झाली होती, काकांसाठी दोन राखली होती, एक नलूताईंकडे आणि एक माझ्याकडे. माझ्या पाकिटात मी गुपचूप आणखी पैसे घातले होते. ते का, हे मला तेव्हाही माहीत होतं.

काका सापडले. चुंबळीवरून शैलाने लांबूनच ओळखलं. नलूताईंनी पाकीट पुढे केलं तर त्यांनी हात जोडले.

“तुमचं नको मावशी. तुम्ही हात लावला होतात. हात लावणाऱ्याकडून आम्ही बक्षिसी घेत नाही. गोदामापासूनची पद्धत आहे आमच्या टोळीची.”

“अहो, पण ही काय रीत झाली?”

“ज्याने हात लावला तो आमच्यातला झाला. आपल्याच माणसाकडून काय घ्यायचं?”

मग ते माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर राग नव्हता, मस्करी होती. “ताईंचं घेतो. मास्तर कुठे हात लावतात?”

माझ्या हातातलं पाकीट त्यांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. शैला हसली. नलूताई हसल्या. मीही हसले.

* * *

टॅक्सी गेटबाहेर पडली तेव्हा मी दोघींना सांगितलं. एका वाक्यात सांगून झालं. अठ्ठावीस वर्षं जे लपवलं ते बोलायला एक सिग्नलसुद्धा लागला नाही.

नलूताई म्हणाल्या, “तुझ्या आईसमोर मी त्यांना मास्तर म्हटलं गं.” आणि काकांना खरं काय ते सांगायला म्हणून ड्रायव्हरला टॅक्सी मागे वळवायला सांगितली.

पण उतरलेल्या प्रवाशाला परत आत सोडत नाहीत. नलूताईंनी शिपायाला खूप विनवलं. त्याने विचारलं, “नाव काय त्या पोर्टरचं?” चुंबळीचा काठ तिघींनी सांगितला असता. नाव आम्ही विचारलंच नव्हतं.

टॅक्सीत परत बसल्यावर मी त्यांना एक किस्सा सांगितला. तो मी कधीच कोणाला सांगितला नव्हता.

* * *

मी दहावीत होते. गोदामात काम नसेल त्या दिवशी बाबा लालबागला ट्रंकांच्या दुकानासमोर बसायचे. माझ्या मैत्रिणीच्या बहिणीचं लग्न ठरलं होतं, म्हणून तिची आई, ती आणि मी ट्रंक आणि भांडी घ्यायला गेलो. भांडी ट्रंकेतच भरली. दुकानदाराने हाक मारली आणि चुंबळ घेऊन जो हमाल उठला, ते बाबा होते.

त्यांनी मला बघितलं. माझ्या मैत्रिणीला बघितलं. ट्रंकेपाशी गुडघ्यावर बसले. मीच जवळ होते. घरात ते मला ‘बाय’ म्हणायचे.

“बाई, जरा हात लावता?”

मी वाकले. बोटं खालून घातलीसुद्धा होती. तेवढ्यात मैत्रिणीची आई म्हणाली, “अगं, तू कशाला? हात खराब होतील.” आणि मी हात काढून घेतला.

“बरोबर आहे वहिनी,” बाबा म्हणाले. “त्यांना लिहायचं असेल.” ट्रंक त्यांनी आधी मांडीवर घेतली, मग दुकानाच्या कट्ट्यावर टेकवली आणि तिथून एकट्याने डोक्यावर चढवली. मैत्रिणीच्या घरापर्यंत ते पुढे चालत होते, आम्ही मागे. पोचल्यावर वहिनींनी मजुरीवर पाच रुपये जास्तीचे दिले. बाबांनी ते कपाळाला लावले.

संध्याकाळी घरी आले तेव्हा त्यांच्या खिशाला एक नवं पेन होतं. आईने विचारलं, हे कुठून आणलं? ते म्हणाले, “एका बाईंनी हात नाही लावला. त्याचं आलं.” आणि ते माझ्यासमोर ठेवलं.

दहावीचे सगळे पेपर मी त्याच पेनाने लिहिले. तीन वर्षांनी दुकानाचा अर्जही.