कुंडाचं पाणी आणि हंड्यातली खळ

रोज भाकरी थापण्याआधी आवडाबाई पिठाचा डबा उघडून नवऱ्यापुढे धरायची. "बघा. आपलाच हाय." धाकू डब्यात बघायचा आणि पाट ओढून घ्यायचा. हो म्हणायचा नाही, नाहीही म्हणायचा नाही.

एकोणपन्नास सालापर्यंत हे असं नव्हतं. तेव्हा ती कल्याणच्या एका मागाच्या कारखान्यात खळ शिजवायची. तांदळाच्या पिठाची ती दाट कांजी सुताला चोळली की सूत मागावर तुटत नसे. संध्याकाळी शिजवलेला हंडा रात्रभर निखाऱ्यांवर ऊबेत ठेवायचा, अशी तिथली रीत. त्या हिवाळ्यात धाकूचे गुडघे धरले. आवडाबाईने वज्रेश्वरीच्या गरम कुंडाचं पाणी कळशीभर आणलं, तळाच्या बुळबुळीत शेवाळासकट. शेकून उरलेलं पाणी मोरीत कसं ओतायचं? देवीचं ते. तांब्याभर तिने हंड्यातल्या खळीत घातलं. कामालाही बरकत येईल.

सकाळी खळ पार पातळ झालेली. मागावर सूत तटातट तुटलं. मुकादम गोपीनाथ तिच्यावर खेकसला. घाबरून तिने देवीला हात जोडले आणि त्या संध्याकाळी दोन तांबे घातले.

"पीठ घरी, पाणी हंड्यात!" दुसऱ्या दिवशी गोपीनाथ सगळ्यांसमोर म्हणाला. "रेशनच्या दिवसांत बरं जमवलंस, बाई."

"देवीचा पानी घातलाय मी त्यात. मी चोरीन?"

कारखाना हसला. तिचं काम गेलं. तेही तिने गिळलं असतं. पण घरी धाकूने भाकरी मोडता मोडता हात थांबवला. "ह्यो पीठ कुनाचा?"

ज्याच्या गुडघ्यांसाठी तिने ते पाणी वाहून आणलं होतं, तोच विचारत होता. दुसऱ्या दिवसापासून ती डबा दाखवू लागली. धाकू गेल्यावरही तिने तो रिकाम्या पाटापुढे धरला.

पुढे गोपीनाथ मोहने गावाजवळच्या एका कापड धुण्याच्या कारखान्यात लागला. एक दिवस तो तिच्या दारात येऊन उभा राहिला.

"आवडाबाई, आमच्याकडे कापडातली खळ काढायला एक पूड येते. जंतूंपासून करतात. साहेब म्हणाले, तसले जंतू गरम कुंडातही असतात. ऊब मिळाली की पिठाचं पाणी करतात." तो घुटमळला. "तुम्ही पीठ नेलं नव्हतं."

"म्हंजे देवीनंच खाल्ला."

"देवीनं नाही हो, जंतूंनी."

"ऱ्हातात कुठं ते? तिच्याच घरी ना?" तिने भिंतीशी टेकवलेल्या पाटाकडे बोट केलं. "मना काय सांगता, मुकादम? मना ठाऊकच होता. त्याला सांगा."

तिने दिलेला चहा गोपीनाथने अर्धाच ठेवला आणि तो निघून गेला.

आवडाबाई अंथरुणाला खिळली तेव्हा चूल सून शीलाकडे आली. शीलाला वाटे, डबा दाखवणं हा या घरचा कुळाचारच. शेवटच्या सकाळीही तिने डबा उघडून सासूसमोर धरला.

आवडाबाईने त्यात पाहिलंसुद्धा नाही.

"मना कशाला दाखवतेस गो? झाकण लाव. पिठाला किडा लागंल."