दलदलीचं ऑफिस टायमिंग

आमच्या ऑफिसातले किस्से मी मुद्दाम गोळा नाही करत हो. सिंघाडी तळ्याकाठी आम्ही जमिनीत पाइप गाडलेत ना, त्यांच्यातल्या पाण्यासारखे ते आपोआप चढतात. आज उपसले की उद्या पुन्हा तेवढेच!

तळं आमच्या जबलपुरातच, गोरखपूर मोहल्ल्याच्या पलीकडे. त्याच्या काठाच्या दलदलीवर एका पार्टीला लग्नाचा हॉल बांधायचाय. जमीन कोरडी की ओली, हे आमच्या सर्वे ऑफिसने सांगायचं. कोरडी म्हटलं की मुरूम पडणार आणि रैकवार काकांचा सिंघाडा, म्हणजे आपला शिंगाडा, संपणार. काका आमच्या पाइपांचे चौकीदार, आणि तीन पिढ्या त्याच पाण्यात सिंघाडा लावतात.

*

पाणी किती खोल आहे ते मोजायला पाइपात फीत सोडायची. टोक पाण्याला टेकलं की वरचा डबा पीं करून ओरडतो. पहिल्या दिवशी तो ओरडला, आणि त्याच्याहून जोरात मी!

काका धावत आले. "क्या हुआ बिटिया, साँप?"

"नाही काका, पाणी."

"अरे, तो पानी ही तो ढूँढ रही थीं!"

*

आमच्या साहेबांचं आडनाव खरे. यावर मी काही बोलत नाही.

एप्रिलमध्ये त्यांनी रजिस्टर पाहिलं आणि डोकं धरून बसले. "गेल्या वेळी एक मीटर, आता दोन? पाणी वाढून राहिलं! काहून वाढून राहिलं?"

मी घाबरत म्हटलं, "सर, आपण वरून खाली मोजतो. आकडा वाढला म्हणजे पाणी खाली गेलं."

साहेबांनी बोट हवेत वरून खाली नेऊन पाहिलं. मग एकदम, "अच्छा! म्हणजे सुकून राहिलं!" लगेच कमानियाच्या बाजारातून खोव्याची जिलेबी आली. एक तळं आटतंय म्हणून जिलेबी वाटणारं जबलपुरातलं हे पहिलंच ऑफिस असावं. मीही दोन खाल्ल्या. नाही म्हणायला भीती वाटली.

*

वरची माती खालच्या पाण्यावर जगते, हे साहेबांना पटवायला मी टोस्ट घेतला. फक्त खालची कड चहाला टेकवली. ओल सरसर वर चढली.

"पाहा सर, न बुडवता भिजला! दलदलीचं असंच असतं. पाऊस नसला तरी माती खालून पीत राहते. खालचं पाणी फार उतरलं, तरच वरचं सुकतं."

साहेबांनी टोस्ट चष्म्याजवळ नेऊन पाहिला. "वरचं टोक कोरडं आहे ना?"

"हो, अजून तरी..."

"चलो. रिपोर्टमध्ये वरचं टोक लिही."

आणि टोस्ट खाऊन टाकला. पुरावाच गेला!

*

पण खरी गंमत मे महिन्यात झाली. पाइपातलं पाणी दुपारी उतरायचं आणि सकाळी पुन्हा थोडं वर यायचं. रोज!

साहेबांनी छडा लावला. "रात्री कोणीतरी पाणी टाकून राहिलं. सिंघाड्यावाला!"

मी म्हटलं, "सर, दिवसा लव्हाळं, गवत मुळांनी पाणी ओढतात. रात्री थांबतात, मग पाणी परत भरतं."

"गवत काय ऑफिस टायमिंग पाळतं?"

दुसऱ्या दिवशी तळ्यावर बोर्ड लागला: 'पाइप में पानी डालना सख़्त मना है।' काकांकडून माफीनामाही लिहून घेतला. काकांनी विचारलं, "बिटिया, इतना पानी लाता कहाँ से?" मी फीत गुंडाळायला घेतली.

पुढे नोंदी फक्त दुपारी घ्यायचं ठरलं.

*

शेवटी रिपोर्ट सहीला माझ्यासमोर आला. मेमधल्या दुपारच्या नोंदी तेवढ्या आत, बाकी सगळ्या गायब. खाली लिहिलेलं: 'जमीन कोरडी.'

मी म्हटलं, "सर, गेल्या महिन्यात माझी चप्पल तिथे रुतली. अजून निघाली नाही."

"चप्पल म्हणजे डेटा नाही!"

मी सही नाही केली. शूरपणा वगैरे काही नाही, पेनच हातातून पडलं आणि मी ते उचललं नाही. साहेबांनी स्वतःच्या पेनाने स्वतःची सही ठोकली.

*

पावसाळा सरला आणि दिवाळीनंतर मुहूर्त निघाला. भूमिपूजन! दलदलीवर हिरवा गालिचा, त्यावर सोफे, समोर हॉलची पार्टी. साहेब नव्या बुटांत. काका सिंघाड्याची टोपली घेऊन कडेला उभे. बोलावलं नव्हतं तरी आले होते. सोफे हळूहळू एका बाजूला कलत होते, पण बोलायचं कोणी?

पंडितजींनी नारळ ठेवला, मंत्र म्हटले. पार्टीने साहेबांनाच मान दिला, "सर, रिपोर्ट आपकी, पहली कुदाल भी आप ही मारिए!"

साहेबांनी कुदळ मारली. एक, दोन, तीन. खड्डा गुडघाभर झाला. पंडितजी कलश पुढे करून म्हणाले, "अब थोड़ा जल मँगवाइए."

तेवढ्यात खड्ड्याच्या तळातून बुडबुडा आला. मग दुसरा. मग पाणी शांतपणे चढत चढत काठाशी आलं आणि साहेबांच्या बुटात शिरलं. मंत्र थांबले. पार्टीने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी, सवयीने, काकांकडे पाहिलं.

काकांनी टोपली खाली ठेवली आणि दोन्ही हात वर केले.

"साहब, मैंने नहीं डाला!"