कान लावणारा पंक्चरवाला

विसरवाडी फाट्यावरचा आमचा पंक्चरवाला पाण्याच्या टबावर विश्वास ठेवत नाही. तो चाकाला कान लावतो, डोळे मिटतो आणि एक हात वर करतो. हात वर असेपर्यंत गिऱ्हाइकाने बोलायचं नाही. मग हळूच म्हणतो, "आठे शे." खिळा तिथेच निघतो.

परवा माझ्या जीपच्या स्टेपनीचं टायर आणायला गेलो, तर त्यात त्याची कोंबडी पिसं फुगवून बसलेली. दाणे टाकले तरी उठेना. मला वाटलं, आजारी आहे. त्याने तिच्या पोटाखाली हात सारला, तशी ती गुरगुरली आणि तिने कचकन चोच मारली. तो ओरखडा मला दाखवत खुशीत म्हणाला, "आजारी नई भाऊ, खुडूक शे! आते एकवीस दिन तुमनं टायर तिनं शे."

मी वैतागलो. माझ्या समाधानासाठी त्याने तिला दोनदा उचलून लांब ठेवलं. दोन्ही वेळा ती तरातरा परत येऊन बसली. शेवटी त्याने तिच्याखाली नऊ अंडी ठेवली, स्वतःच्या जीपचं टायर काढून मला दिलं आणि आपली जीप विटांवर चढवली.

विसाव्या दिवशी गेलो, तर हा अंड्याला कान लावून उभा, डोळे मिटलेले, हात वर. समोरच्या ट्रकवाल्याने मुकाट्याने इंजिन बंद केलं.

"बोली ऱ्हायनं," तो पुटपुटला आणि त्याने अंडं माझ्या कानाला लावलं.

आतून बारीक चिवचिव ऐकू आली. माझे डोळे मिटले, आणि एक हात आपसूक वर गेला.